व्हीएनए म्हणत होता, सगळं उत्तम आहे

आमचा टॅग काडेपेटीपेक्षा जरा मोठा. आत एक बटण सेल, ब्लूटूथ लो एनर्जीची चिप आणि पीसीबीच्या कोपऱ्यात उलट्या एफच्या आकाराची तांब्याची पट्टी, तीच अँटेना. इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या कारखान्यात ट्रेवर हे टॅग लावायचे, गेटवेनं ते ऐकायचे आणि कुठला ट्रे कुठं पोचलाय ते पडद्यावर दिसायचं. नमुन्यांच्या चाचण्या विनातक्रार पार पडल्या होत्या. मग पहिला मोठा लॉट गेला आणि ग्राहकाचा निरोप आला, "हॉलच्या टोकाकडचे टॅग दिसतच नाहीत."

अशा वेळी आरएफवाले, म्हणजे रेडिओ लहरींची बाजू पाहणारे, फर्मवेअरकडे (चिपमधल्या प्रोग्रॅमकडे) बोट दाखवतात आणि फर्मवेअरवाले सेलकडे. तो सोहळा यथासांग पार पडला. मी परत आलेल्या टॅगला केबल जोडून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर पाहिलं. पॉवर 0 डीबीएम, म्हणजे ठरल्याप्रमाणे 1 मिलिवॅट. वारंवारिता जागच्या जागी. ब्लूटूथ लो एनर्जीला दीडशे किलोहर्ट्झ इकडेतिकडे चालतं, आमचा क्रिस्टल त्याच्या कितीतरी आत होता. सेलचं व्होल्टेजही बसत नव्हतं. चिप तिचं काम नीट करत होती.

मग झाकण काढून बोर्ड उघडा ठेवला, तर 10 मीटरवर आरएसएसआय, म्हणजे पोचलेल्या सिग्नलची ताकद, -67 च्या आसपास. लॉटचं काळं झाकण बसवलं की -77. नमुन्यांच्या पांढऱ्या झाकणात हाच बोर्ड -68 दाखवायचा. 9 डीबी म्हणजे पॉवर साधारण आठव्या हिश्शावर, आणि मोकळ्या जागेत पल्ला एक तृतीयांशावर. तक्रार खरी होती आणि दोष झाकणात होता, एवढं तासाभरात कळलं. पुढचं मात्र इतक्या लवकर कळलं नाही.

झाकण बदललं की अँटेनाची जुळवलेली वारंवारिता सरकते, हे या धंद्यातलं नित्याचं दुखणं. प्लास्टिक जवळ आलं की अनुनाद खाली घसरतो. अँटेना 2440 मेगाहर्ट्झला जुळवलेली असेल तर झाकणासकट ती 2380 ला जाऊन बसते, आणि आपण मॅचिंगमधला, म्हणजे चिप आणि अँटेना जुळवणाऱ्या सर्किटमधला, एखादा कपॅसिटर किंवा इंडक्टर बदलून तिला परत आणतो. तेच असणार असं धरून मी बारीक कोॲक्स केबल डकवली, व्हीएनए (अँटेनात घातलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट केला आणि काळं झाकण लावलं.

पडद्यावरचा आलेख पाहून मी केबल हलवून पाहिली. पांढऱ्या झाकणात रिटर्न लॉस -14 डीबी असायचा, म्हणजे सुमारे 4 टक्के पॉवर परत येते; तेवढं कुणीही चालवून घेतं. काळ्या झाकणात तो -22 होता! आणि आलेखातला खड्डाही अरुंद नाही, 2400 ते 2483.5 हा आख्खा पट्टा ओलांडून दोन्हीकडे पसरलेला. असा आलेख मिळावा म्हणून लोक आठवडेच्या आठवडे घासतात. इथं तो आयता समोर होता, आणि टॅग मुका.

मेकॅनिकलचा सहकारी मागून डोकावला. "अगं, हे तर आधीपेक्षा चांगलं आहे. मग झाकणाला कशाला दोष देतेस?" त्यानं वर पुरावाही दिला. पांढऱ्या झाकणाचा टॅग चालू ठेवून त्याच्यापुढं वीतभर अंतरावर काळं झाकण आडवं धरलं. आरएसएसआय जेमतेम एक-दोन डीबी हलला, तोही इतका नाचरा की त्यावर भांडण करता येईना. "लहर आरपार जातेय बघ," तो म्हणाला.

आमच्याकडे शील्डेड खोली आहे, पण अ‍ॅनेकोइक चेंबर, म्हणजे भिंतींवरून लहरी परत येत नाहीत अशी खोली, नाही. बाहेर तासावर पैसे मोजून घ्यावा लागतो, म्हणून तो नेहमी शेवटी आठवतो. तिथं टॅग फिरत्या टेबलावर ठेवून सगळ्या दिशांना एकूण किती पॉवर बाहेर पडते ते मोजलं. पांढरं झाकण: -2.5 डीबीएम, म्हणजे आत घातलेल्यापैकी निम्म्याहून थोडी जास्त. एवढ्याशा टॅगला चांगलीच. काळं झाकण: -11.4. शंभरातले सातच भाग हवेत जात होते.

बाकीचे त्र्याण्णव परत येत नव्हते, हे व्हीएनएनं सांगितलंच होतं. बाहेरही पडत नव्हते. मग ते मुरत होते. व्हीएनए फक्त परत काय आलं ते सांगतो; गेलेली पॉवर हवेत गेली की उष्णता झाली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 50 ओहमचा साधा रोध जोडला तर त्याहून सुंदर आलेख मिळेल, आणि रोध काही प्रक्षेपण करत नाही. आमच्या अँटेनाभोवती तसाच एक रोध गुंडाळला गेला होता, म्हणून खड्डा खोल आणि रुंद. 1 मिलिवॅट, तोही क्षणभर, त्यामुळे झाकण हाताला गरम लागण्याचा प्रश्नच नव्हता.

चेंबरमधले तंत्रज्ञ झाकण उलटसुलट करत म्हणाले, "मॅडम, यात कार्बन आहे का?" आणि भिंतीवरच्या फोमच्या निळ्या सुळक्यांकडे हात केला. "यातही तोच भरलेला असतो. लहरी गिळायला."

परत आल्यावर मल्टिमीटरची दोन टोकं काळ्या झाकणावर टेकवली. साध्या प्लास्टिकवर मीटर काहीच दाखवत नाही. इथं काही शे किलो-ओहम आले. मग लॅबमधला मायक्रोवेव्ह, ज्यात कुणी कधी डबा ठेवत नाही. तो 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आमच्याच पट्ट्यात. पाण्याचा पेला आत ठेवून दोन्ही झाकणांचे छोटे तुकडे बाजूला ठेवले आणि थोडे सेकंद चालवला. पांढरा तुकडा थंड. काळा चिमट्यानं उचलावा लागला.

मेकॅनिकलवाल्यानं तो तुकडा बघितला आणि खुलासा केला. ग्राहकाच्या हॉलमध्ये स्थिर विद्युत साचून चालत नाही, म्हणून उत्पादनासाठी अँटिस्टॅटिक प्लास्टिक घेतलं होतं, आणि ते कार्बन भरलेलं होतं. मागणी रास्तच होती. त्याचा आडवं झाकण धरण्याचा प्रयोगही खोटा नव्हता. वीतभर अंतरावर दीड मिलिमीटरची भिंत थोडंच खाते. पण 2.4 गिगाहर्ट्झला अँटेनाच्या भोवतालच्या दोनेक सेंटिमीटरमध्ये क्षेत्र सगळ्यात दाट असतं, आणि आमचं झाकण आतून पट्टीला जवळजवळ टेकलेलं होतं.

कार्बनशिवायचं अँटिस्टॅटिक प्लास्टिक मिळतं, पण ते साच्यात नीट उतरेना. शेवटी झाकणात अँटेनावर साध्या प्लास्टिकची छोटी खिडकी केली आणि मॅचिंग पुन्हा जुळवलं. एकूण पॉवर -4 डीबीएमवर आली. राहिलेलं दीड डीबी खालचा काळा तळ खातो. त्यावर हात फिरवायला ग्राहकानं वेळ दिला नाही आणि हॉलच्या टोकाचे टॅग दिसू लागल्यावर मीही मागितला नाही. प्लास्टिकच्या डेटाशीटमध्ये पृष्ठरोध असतो, 2.4 गिगाहर्ट्झला ते किती खातं याची ओळ मला अजून एकाही पुरवठादाराच्या कागदात दिसलेली नाही. म्हणून प्रत्येक नव्या लॉटचा एक तुकडा आधी आमच्या मायक्रोवेव्हमध्ये जातो, आणि तो ठेवायला मेकॅनिकलवाला स्वतः येतो.