पेशीतली घंटागाडी

उपवास केला की पेशी स्वतःचा कचरा खातात, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. खरं आहे, पण अर्धवट. उपवास नसला तरी पेशी हे काम रोज करतेच. सत्तर किलोच्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण 200 ते 300 ग्रॅम प्रथिनं नव्यानं बांधतं. जेवणातून येतात जेमतेम 60-70 ग्रॅम. बाकीचा माल जुनं मोडूनच मिळतो.

या मोडण्यातला एक मोठा भाग म्हणजे ऑटोफॅजी. निकामी तंतुकणिकेवर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर) किंवा गुठळी झालेल्या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते. शेजारी एक चपटा पडदा उगवतो, वाटीसारखा वाकतो, माल कवेत घेऊन मिटतो. ही दुहेरी पडद्याची पिशवी लयकारिकेला, म्हणजे पेशीतल्या पचवणाऱ्या कप्प्याला (लायसोसोम), जाऊन मिळते. आत सामू (pH) 4.5 ते 5, म्हणजे चांगलंच आंबट, आणि पन्नासहून जास्त विकरं (एन्झाइम). प्रथिनांची अमिनो आम्लं होतात आणि पुन्हा वापरात येतात.

हे उलगडलं ते यीस्टमुळे, नाशिकच्या वायनरीत द्राक्षरस आंबवणाऱ्या त्याच जातीच्या. जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं. पिशव्या रिक्तिकेत (यीस्टमध्ये लयकारिकेचं काम करणाऱ्या कप्प्यात) येत राहिल्या, विरघळेनात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसल्या. या कामाला 2016चं नोबेल मिळालं.

पिशव्या जास्त दिसल्या म्हणजे सफाई जोरात, असं मात्र समजू नये. नाशिकमधल्या पाथर्डीच्या खत प्रकल्पाचं फाटक बंद असलं तरी बाहेर घंटागाड्यांची रांग लागेलच. मलेरियावरचं औषध क्लोरोक्विन हेच करतं, पिशवीला लयकारिकेला मिळू देत नाही. गोशे या आनुवंशिक रोगात लयकारिकेतलं एकच विकर कमी पडतं, तर यकृत आणि प्लीहा फुगतात. पार्किन जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की खराब तंतुकणिका नीट वेचल्या जात नाहीत आणि तरुण वयात पार्किन्सन होऊ शकतो. ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हेही खरं नाही. कॅन्सरच्या पेशी याच यंत्रणेवर उपासमारीत तग धरतात.

उपवासाचं म्हणाल तर कळ इन्सुलिन आणि अमिनो आम्लांकडे आहे. इन्सुलिन आणि अमिनो आम्लं वाढली की एमटॉर, म्हणजे पेशीला वाढीचा हुकूम देणारं प्रथिन, जागं होतं आणि पिशव्या बांधणं मंदावतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दोन वेळा खिचडी झाली की व्रत पाळलं जातं, पेशीच्या लेखी मात्र ते जेवणच. उलट श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी चालताना स्नायूंतलं एएमपीके हे विकर ऊर्जा घटल्याचं ओळखतं आणि यंत्रणेला चालना देतं. ‘सोळाव्या तासाला सुरू’ असं घड्याळ माणसासाठी ठरलेलं नाही. ऑटोफॅजी मोजायची नेहमीची रक्ततपासणीच नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास धरू नये. डोस तोच आणि पोट रिकामं, तर रक्तातली साखर 70च्या (mg/dL) खाली जाऊ शकते. फेरीच्या वाटेवर साखर उतरल्याचा घाम आणि थरथर चालण्याचीच वाटते, म्हणून खिशात साखर हवीच.