गाडी मधेच थांबते तेव्हा

"ऐन पावसात कोकणात जाता, गाडी मधेच कुठेतरी तासन् तास उभी राहते, तरी तुमची चिडचिड कशी होत नाही?" जुलै उजाडला की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे पावसातलं जाणं काही सुटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

गाडी का थांबली हे ठाऊक असलं की निम्मा राग येतच नाही. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेची वाट डोंगर कापत जाते. नव्वदच्या वर बोगदे आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणाऱ्या उंच कटिंग. तिथली तांबडी माती दिवसचे दिवस पाणी पीत राहते आणि मग एकदम खाली येते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ अशाच दरडीने गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. आमच्या भागात पहिला मोठा पाऊस लागला की आजही ही नावं निघतात.

म्हणून पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ पासून १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. पाऊस इतका की पुढचं दिसेनासं झालं, तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची असा चालकांना आदेश असतो. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वारा मोजायचं यंत्र बसवलेलं आहे. वारा वाढला की गाड्या रोखतात. शिवाय वीरच्या पुढे मार्ग एकेरी, म्हणजे समोरची गाडी रखडली की आपलीही क्रॉसिंगसाठी थांबणारच. आणि सहाशेहून अधिक माणसं पावसात रुळांवर गस्त घालत असतात. खिडकीतून मी त्यांना पाहते: रेनकोट, हातात बॅटरी, पाठीला पिशवी, मान खाली घालून एकेक स्लीपर बघत चाललेला माणूस. तो पुढे चालत गेलाय म्हणून आपण थांबलोय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घड्याळाकडे बघून चडफडावंसं वाटत नाही.

पण राग न येणं वेगळं आणि त्या वेळेत रमणं वेगळं. रमायला मला शिकवलं ते संगमेश्वरच्या एका आजींनी.

गाडी स्टेशनाच्या अलीकडेच उभी होती. मोबाइलला रेंज नाही. डब्यात आधी कुजबुज, मग आवाज चढले, मग सगळे थकून गप्प झाले. बाहेर रुळाला लागूनच एक कोपरा, म्हणजे छोटंसं शेत होतं, तिथे भाताची लावणी चालली होती. मी नुसती नजर टाकून वळणार, तर शेजारी बसलेल्या त्या आजी म्हणाल्या, "बघ गे, तरवा कसा काढतायत." तरवा म्हणजे भाताची रोपं. आणि मग त्या सांगत गेल्या. तरवा ओढताना हात मुळाशी घालायचा, नाहीतर तो मधेच तुटतो. मुळांची माती पायावर आपटून झाडायची. जुड्या बांधून चिखलात दूरदूर फेकायच्या, म्हणजे लावणाऱ्या बाईला मागे वळावं लागत नाही. लावताना पाऊल पुढे नाही, मागे जातं. लावलेलं तुडवलं जाऊ नये म्हणून. मी कोकणातली, लावणी लहानपणापासून बघितलेली, पण जुडी नेमकी कुठे पडते आणि का, हे कधी पाहिलंच नव्हतं. एक मुलगी जुड्या फेकत होती, आणि प्रत्येक जुडी वाकलेल्या बाईच्या हाताच्या अंतरावर पडत होती. पाऊस वाढला तसं कोणी थांबलं नाही. "यांना भिजायला होत नाही का?" असं समोरच्या मुलाने विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "लावणी काय उन्हात होते होय?"

गाडी सुटली तेव्हा तो कोपरा जवळजवळ लावून झाला होता. आपल्या डोळ्यांदेखत एक अख्खं शेत हिरवं झालं, याचा आनंद मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

मात्र धीराचा हा सल्ला मी सरसकट कुणाला देत नाही. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी माती आली आणि वाहतूक जवळपास दिवसभर बंद पडली. लोकांसाठी एसटी सोडाव्या लागल्या. अशा वेळी डब्यात कुणी दवाखान्याची तारीख गाठायला निघालेलं असतं, कुणाच्या कडेवर तान्हं असतं. त्यांना "बाहेर बघा, किती छान" म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. त्यांना पाणी द्यावं, आपली पॉवर बँक द्यावी, टीसीला शोधून खरी परिस्थिती विचारून यावी. बसून मजा घेणं ज्याला परवडतं, त्याने आधी एवढं करावं.

तुम्ही यंदा जाणार असाल तर पोचायच्या दिवशी संध्याकाळी काहीही ठरवू नका. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. आपण जिथे चढणार त्या स्टेशनवरच गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि जायचं रद्द करायचं असेल, तर गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. आणि शक्यतो दिवसाची गाडी धरा, म्हणजे मधेच थांबलात तरी बाहेरचं काहीतरी दिसेल.