पाच सेंटांची कोंबडी

पेट्रोलपंपावर सवलतीचं कार्ड ओढलं की एक गंमत होते. छोट्या पडद्यावर गॅलनचा भाव ३.७९ डॉलर दिसत असतो. यंत्र दोन क्षण विचारात पडतं आणि ३.७९चे ३.७४ होतात. बस्स, एवढंच. पण तो नऊ जाऊन चार येताना बघायला मी दर वेळी खिशातून चष्मा काढतो. बायको गाडीतूनच खिडकीची काच खाली करून विचारते, "पडला का?" मी म्हणतो, "पडला." मग ती काच वर करते.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनं मोटारहोम घेतलं. इथे अमेरिकेत त्याला 'क्लास सी' म्हणतात. पुढे ट्रकसारखं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे संसार. टाकी ५५ गॅलनची, म्हणजे दोनशे लिटरच्या वर. गॅलनला साडेआठ मैल, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर. समोरून वारा आला की सात. पेट्रोलला गॅस म्हणायची सवय लागायला आम्हाला काही वर्षं गेली होती, आणि घरगाडी घेतली तर तिच्यात शेगडीचा नि फ्रिजचा खरोखरचा गॅसही निघाला. आता 'गॅस संपत आलाय' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, पुढचा की मागचा?

एवढ्या तहानेची गाडी दारात उभी राहिली की माणूस कार्डं जमवायला लागतो. एक आरव्हीवाल्यांच्या, म्हणजे घरगाडीवाल्यांच्या क्लबचं, एक ट्रक स्टॉपच्या साखळीचं, एक किराणा दुकानाचं, शिवाय फोनमध्ये तीन अ‍ॅप. पाकीट मिटेनासं झालं तेव्हा बायकोने कार्डांना एक जुनी चष्म्याची डबी दिली. चष्मा तेव्हापासून खिशात असतो.

कार्ड वापरण्याचंही एक शास्त्र आहे. आधी सवलतीचं कार्ड, मग पैशाचं. क्रम चुकला की सूट गेली, मग काउंटरवर जाऊन रडून उपयोग नाही. त्यानंतर यंत्र झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड मागतं. शिवाय एका वेळी किती रकमेचं पेट्रोल सोडायचं याला मर्यादा असते, कुठे १०० डॉलर, कुठे १२५, कुठे १७५. मोटारीला हे कळतसुद्धा नाही. आमची टाकी मात्र निम्मीच भरलेली असते आणि पंप खट्‌कन थांबतो. नळी काढायची, जागेवर टांगायची, पुन्हा सवलतीचं कार्ड, पुन्हा पैशाचं, पुन्हा झिप कोड. मागचा माणूस स्टिअरिंगवर बोटं वाजवत असतो.

किराण्याची तऱ्हा निराळी. क्रोगरच्या दुकानात साधारण डॉलरला एक पॉइंट मिळतो. १०० पॉइंट झाले की गॅलनमागे १० सेंट सूट, १००० झाले की थेट एक डॉलर. ऐकायला झकास! पण एका खेपेला ३५ गॅलनच, आणि पॉइंट पुढच्या महिनाअखेरीस बाद. म्हणून महिना संपत आला की आम्ही घरगाडी घेऊन किराणा दुकानाच्या पंपावर. ते पंप बांधले मोटारींसाठी. आमच्या गाडीचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच पलीकडे लोंबतं. पुढचं तोंड उजवीकडे वळवलं की शेपूट डावीकडे झाडू मारतं. एकदा त्या झाडूत पंपाशेजारचा पिवळा खांब आला. खांबाला काही झालं नाही. आमच्या बंपरवर पिवळा पट्टा अजून आहे, आणि गॅलनमागे डॉलर वाचवल्याची ती कायमची पावती.

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण त्या दिवसापासून आमच्याकडे नुसती 'मसाला' एवढीच उरली. मी फोनवर पंप शोधायला लागलो की शेजारच्या सीटवरून प्रश्न येतो, "मसाला किती?"

म्हणून मी एकदा कागदावर हिशोब मांडला. चाळीस गॅलन भरले, गॅलनला पाच सेंट, सूट दोन डॉलर. आमची गाडी मैलाला सुमारे ४५ सेंट पिते. म्हणजे सूट देणारा पंप वाटेपासून सव्वादोन मैलांपेक्षा लांब असेल तर जाऊन-येऊन आपणच पंपाला देणगी देतो. हा कागद मी डॅशबोर्डवर चिकटवला. तो अजून तिथे आहे आणि मी अजून चार मैल आत जातो. कारण त्याच कागदाखाली बायकोने आणखी एक ओळ लिहिली आहे: 'सत्तरऐवजी बासष्ट.' आमच्या वहीतले आकडे सांगतात की वेग ताशी सत्तर मैलांवरून बासष्टवर आणला की गॅलनला जवळजवळ मैलभर जास्त मिळतो. या खोक्याला वारा फाडतच जायचं असतं, जितकं जोरात फाडाल तितकं जास्त पिणार. म्हणजे गॅलनमागे चाळीसेक सेंटांची सूट, बिनकार्डाची, कुठेही न वळता. मला हे सगळं पटतं. पण हळू चालवताना कुठल्याही पडद्यावर नऊचा चार होत नाही. वाचतंय हे दिसायला नको?

खरी सूट बघायची तर डिझेलवाल्यांकडे. एका कॅम्पग्राउंडवर शेजारी एक गृहस्थ होते, इंजिन मागे असलेल्या बसएवढ्या गाडीचे मालक. त्यांच्याकडे ट्रकवाल्यांचं कार्ड. गॅलनला चाळीस-पन्नास सेंट सहज सुटतात, म्हणाले, पण भरायचं ट्रकच्या रांगेत. तिथला पंप आधी मुलाखत घेतो: कंपनी कोणती? ट्रकचा नंबर? ट्रेलरचा नंबर? किती मैल झाले? आणि शेवटी, डिझेल ट्रकला हवंय की 'रीफर'ला? रीफर म्हणजे ट्रेलर थंड ठेवणारं यंत्र. ते रस्त्यावर धावत नाही म्हणून त्याच्या डिझेलवर रस्त्याचा कर नाही, आणि ओळखू यावं म्हणून अशा करमुक्त डिझेलला लाल रंग देतात. ते गाडीच्या टाकीत सापडलं तर किमान हजार डॉलरचा दंड. पहिल्या वेळी या प्रश्नापाशी आपल्याला घाम फुटला होता, असं ते मोकळेपणाने सांगत होते. आणखी एक धडा त्यांनी दिला, तो मला फार आवडला. तिथे भरून झालं की गाडी लगेच पुढच्या रेषेपर्यंत न्यायची. ट्रकवाल्याला १४ तासांच्या आत ११ तासच चालवायची परवानगी असते, आणि त्याचं घड्याळ रांगेतही चालूच राहतं. आपण काचेवरचे किडे पुसत बसायचं नाही.

आता नीडल्स गावाची गोष्ट. ही मी एकदाच सांगणार आहे.

आय-४० महामार्गावरून पश्चिमेला चाललो होतो. अ‍ॅरिझोनात किंगमनला गॅलन ३.९९ला होतं. टाकी अर्धी. पण तिथे समोर दिसणारे पंप आमच्या कार्डाचे नव्हते, आणि फोन सांगत होता की साठ मैलांवर नीडल्सला आमच्या कार्डाचा पंप आहे, सूट पाच सेंट. मी रुबाबात पुढे निघालो. टोपॉकला कोलोराडो नदी ओलांडली, पाणी काय सुंदर दिसत होतं! पूल संपला आणि कॅलिफोर्निया सुरू झालं.

केंद्राचा कर दोन्हीकडे सारखाच, गॅलनला १८.४ सेंट, १९९३पासून तेवढाच. पण राज्याचा अबकारी कर अ‍ॅरिझोनात १८ सेंट आणि कॅलिफोर्नियात साठच्या आसपास. त्यावर कॅलिफोर्नियाचं पेट्रोल वेगळ्या मिश्रणाचं, प्रदूषण कमी करणारं नि करायला महाग. त्यात नीडल्स वाळवंटाच्या तोंडाशी, पुढे लांबवर फारसं काही नाही. हे सगळं मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मी अर्धा तास समजावून सांगितलं असतं.

पाटीवर ५.३९ होतं. बायको पाटीकडे बघत होती, मी पंपाकडे. पुढच्या वाळवंटाच्या धास्तीने भरणं भाग होतं. चष्मा लावला, डबी उघडली, कार्ड ओढलं. ५.३९चे ५.३४ झाले. काच खाली आली.

"पडला का?"

"पडला."

काच वर गेली. १२५ डॉलरला पंप खट्‌कन थांबला. नळी टांगली, पुन्हा कार्ड, पुन्हा झिप कोड, आणि पुन्हा ५.३९चे ५.३४. एकूण तीस गॅलन. सूट दीड डॉलर, नदीपलीकडे न भरल्याचा भुर्दंड बेचाळीस डॉलर. हे तोंडी होत होतं, कागद लागला नाही. काच परत खाली आली.

"मसाला किती?"

पुढच्या काचेवर किडे बरेच जमले होते. ही काही ट्रकची रांग नव्हती. मी बादलीतला ब्रश उचलला आणि डाव्या कोपऱ्यापासून सावकाश पुसायला सुरुवात केली.