हे तुला दिसलं की पुस्तकाला?

स्मरणिकेसाठी ‘यशाचं रहस्य’ लिहून पाठवा, असा निरोप आला. कापसाचे वाण तयार करण्यात माझी ३४ वर्षं गेली आणि नावावर वाण लागले दोन. तेव्हा रहस्य वगैरे काही नाही. नववीतल्या प्रयोगवहीची एक आठवण आहे, ती सांगतो.

जास्वंदीचं फूल उभं कापून आकृती काढायची होती. मी फूल बाजूला सारलं आणि पुस्तकातली आकृती सुबक उतरवली. बाईंनी वही पाहिली, मग माझं फूल उचललं. अळीनं त्याचा अंडाशय अर्धा पोखरला होता. “हे तुला दिसलं की पुस्तकाला?” दहापैकी तीन गुण. वर्ग हसला. मला त्या बाईंचा राग दहावी संपेपर्यंत होता, हे आज कबूल करतो.

कापूस जास्वंदीच्याच कुळातला. त्याच्याही फुलात पुंकेसरांची नळी कुक्षीवृंताला वेढून असते. संकर करायचा तर आदल्या दुपारनंतर, उद्या उमलणाऱ्या कळीला अंगठ्याच्या नखानं चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट ती नळी सोलून काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे, म्हणजे पराग देणाऱ्या झाडाचे, पराग लावायचे; सोललेली कळी ज्या झाडाची ती मादी. एका कळीतून एक बोंड, त्यात फार तर तीसेक सरक्या. १९७० साली सुरतेत कापूस संशोधक सी. टी. पटेलांनी दिलेला एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. त्याचं बियाणं असंच, कळी-कळी हातानं सोलून तयार व्हायचं. हे ऐकून मी या विषयाकडे वळलो. नखं किती दुखतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी हिरसुटम आणि बार्बाडेन्स या कापसाच्या दोन जातींचा संकर केला. पहिलीचं उत्पन्न, दुसरीचा लांब, तलम धागा. वाट नवी नव्हती. धारवाडला कटारकींनी १९७२ मध्येच ‘वरलक्ष्मी’ हा संकरित वाण याच जोडीतून काढला होता. माझ्या नराच्या पिवळ्या पाकळ्यांच्या बुडाशी गडद लाल ठिपका होता, मादी बिनठिपक्याची. संकर खरा असेल तर पुढच्या पिढीच्या प्रत्येक फुलात ठिपका उतरायला हवा. फुलं आली. ४० झाडांपैकी २७ बिनठिपक्याची.

अहवाल द्यायचा होता. सहकारी म्हणाले, “फिका असेल, ऊन फार आहे.” मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी, फुलं ताजी असताना पुन्हा बघितलं आणि नोंदवहीत लिहिलं: ठिपका नाही. म्हणजे कळ्या सोलताना माझ्याच नखाखालून काही परागकोश सुटले होते आणि मादीनं स्वतःचेच पराग घेतले होते. झाडं उपटली. एक हंगाम गेला.

पुढची वर्षं अशीच, म्हणजे बहुतेक फेकून देण्यात. दुसऱ्या पिढीत दोन हजार झाडं लावायची, साठ ठेवायची. सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत एकसारखेपणा येतो, मग ठिकठिकाणच्या चाचण्या. दहा-बारा वर्षं सहज जातात. उत्पन्न वाढलं की धाग्याची ताकद बहुधा उतरते, रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर हाती येणारा रुईचा वाटा, चांगला तर धागा आखूड. एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, तीन सेंटिमीटरपर्यंत ताणलेली. तिच्याकडून आपण किती मागावं! आणि अळ्यांना आमचं वेळापत्रक माहीत नसतं. एखाद्या कीटकाला तोंड देणारा वाण शेतात जाईपर्यंत दुसराच कीटक डोकं वर काढतो.

बाईंना ती ठिपक्याची गोष्ट सांगायची राहिली.

संपादकांनी ‘कार्यरत अवस्थेतला’ फोटोही मागितला आहे. सगळे फोटो झाडांचेच निघाले. एकात कळीजवळ माझा अंगठा आलाय. चालत असेल तर तोच छापावा.