तो ऐकतोय

साहेब लष्करात डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या जांबोटी भागात ते शेवटपर्यंत 'मेजरसाहेब'च राहिले. त्याला कारण मी. सियाचीनला त्यांच्या हाताखाली होतो तेव्हा ते मेजर होते, आणि पुढे गावात त्यांनी दवाखाना काढला तेव्हाही माझ्या तोंडून तेच यायचं. माझं ऐकून म्हाताऱ्याकोताऱ्यांनी उचललं, मग पोरांनी, मग दूधवाल्यानं. त्यांनी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही.

यंदा आषाढात ते गेले. बेळगावच्या कॅम्पातून पुष्पचक्र आलं, खानापूर तालुक्यातले माजी सैनिक छातीवर पदकं लावून भर पावसात उभे राहिले, आणि शेताच्या बांधांवरून बायका इरली डोक्यावर घेऊन रांगेनं उतरत आल्या. कोण किती मोठा माणूस होता ते मला अशा वेळी बायकांच्या गर्दीवरून कळतं. भाषणं झाली. कुणी पदकांबद्दल बोललं, कुणी फुकट औषधांबद्दल. खरं होतं सगळं. मला मात्र तिथं उभ्या उभ्या 2010 सालच्या जुलैतली एकच रात्र आठवत होती.

मी आर्मी मेडिकल कोअरचा. नर्सिंग असिस्टंट, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. लखनौला शिकलो आणि बाकी आयुष्य एम.आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात गेलं. सकाळचा सिक रिपोर्ट, फोड आलेले पाय, ताप, टाके. निवृत्तीनंतर साहेबांनी निरोप धाडला, "घरी बसून काय करणार? ये." गेलो. दोन खोल्या, एक पडवी, चार खाटा. एका कपाटात त्यांनी सर्पदंशाच्या लसीच्या वीस कुप्या स्वतःच्या पेन्शनीतून आणून ठेवलेल्या. लस पावडरीची होती, म्हणून हेस्कॉमची लाइट दोन-दोन दिवस गेली तरी टिकायची. कणकुंबीकडचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला त्या कुप्यांची किंमत सांगावी लागत नाही. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की जनावर कोरड्या जागेला येतं, आणि आमच्याकडे कोरडी जागा म्हणजे माणसाचं घर.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एक बाप अकरा वर्षांच्या पोराला पाठुंगळीला घेऊन आला. मागे आई, पदर तोंडात धरलेली.

"साहेब, सकाळधरनं पोटात दुखतंय म्हणत होता. ओवा दिला, गरम पाणी दिलं. आता डोळंच उघडंना झालाय."

मला वाटलं झोपाळलाय. साहेबांनी पोटाला हातसुद्धा लावला नाही. पहिला प्रश्न विचारला, "रात्री कुठं झोपला होता?"

"खालीच, घोंगड्यावर. माळ्यावर गळत होतं."

साहेबांनी पोराला खाटेवर निजवलं आणि म्हणाले, "बाळ, उशीवरून मान उचल बघू." पोरानं जोर केला. मान उठली नाही. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, पलीकडचं बघायला तो हनुवटी वर करू बघत होता. आईनं तेवढ्यात ओळखलं. "पान लागलं काय हो त्याला?" आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत.

अंगावर दाताची खूण म्हणून दिसेना. मी कंदील घेऊन पायाची बोटं, कानामागचा भाग शोधायला लागलो, तर साहेब म्हणाले, "शोधत बसू नकोस. मण्यार खूण ठेवत नाही. चावली तरी माणूस जागा होत नाही." तरी त्यांनी दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन खिडकीत उभं केलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी तिरकी केली, रक्त छान गोठलेलं होतं. म्हणजे रक्त गोठू न देणारी घोणस, फुरसं नव्हे. नाग असता तर सूज आली असती.

मग त्यांनी पोराला एका दमात आकडे म्हणायला सांगितले. मध्ये श्वास न घेता, जमेल तिथवर. पहिल्या खेपेला तो अठरापर्यंत गेला. मी वहीत अठरा लिहिलं. आम्ही लस विरघळवायला बसलो. ते काम घाईचं नाही. कुपीत पाणी सोडायचं आणि दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची, देव्हाऱ्यातली वात वळतात तशी. हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. बाहेर आभाळ फाटलेलं, आत आम्ही दोघं दहा कुप्या तळहातांवर फिरवत बसलेलो. रिअॅक्शन आलीच तर म्हणून अॅड्रेनलिनची सिरिंज आधीच भरून ठेवली होती. सलाइनमधून लस सुरू केली. अर्ध्या तासानं पुन्हा आकडे. अकरा. साडेचारला सहा. पाचला त्यानं "एक, दोन" म्हटलं आणि ओठ नुसते हलले.

मी त्या वहीतला तो कागद अजून फाडलेला नाही.

खानापूरला फोन लावला. रस्त्यावर दोन ठिकाणी झाडं आडवी, पुलावरून पाणी. अॅम्ब्युलन्स निघाली होती, ती पलीकडेच अडकली. साहेबांनी फोन ठेवला आणि बाहीची बटणं सोडली. डोक्याला टॉर्च बांधून पोराच्या घशात नळी घातली. एका प्रयत्नात गेली. मी छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंना हवा जातेय म्हटलं, आणि नळीला हातानं श्वास द्यायची अंबू बॅग जोडली. दाबली, सोडली. दाबली, सोडली. चार सेकंदाला एक. संध्याकाळचे सहा वाजले होते.

मी साहेबांना विचारलं, दहा कुप्या गेल्या, उरलेल्या दहा देऊया काय? त्यांनी मला नीट समजावलं, जसं ते पलटणीत समजावायचे. लस रक्तातलं विष धरते. पण मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसलं की तिथून ते कुठल्याच कुपीनं उठत नाही. शरीर नवी टोकं घडवतं, त्याला दिवस लागतात. "तोवर याचा श्वास आपल्याकडे. दुसरं काही करायचं नाही, आणि हे सोडायचं नाही."

इथं मला 1998 चा हिवाळा सांगायला हवा. अठरा हजार फुटांवरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं, आम्ही त्याला 'हापो' म्हणतो. उपाय एकच, माणसाला खाली आणणं. वारा असा की चीता हेलिकॉप्टर उठेना. मग हापोची पिशवी. माणसाला आत निजवून चेन लावायची आणि पायानं पंप मारत राहायचं, म्हणजे आतला दाब वाढतो आणि शरीराला वाटतं आपण हजारो फूट खाली उतरलोय. पंप थांबला की आतली हवा शिळी होते. रात्रभर पाळीपाळीनं पाय चालवला. साहेब स्वतःची पाळी सोडत नव्हते आणि पिशवीच्या छोट्या खिडकीतून त्या जवानाशी सारखे बोलत होते. त्याला ऐकू जात असेल नसेल, वाऱ्यात आम्हालाच एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. सकाळी वारा पडला, जवान खाली गेला, वाचला. त्या रात्री जे पायानं केलं ते आज हातानं करायचं, एवढंच मी मनाशी म्हटलं. पण तो शिपाई गडी होता. हे पोर.

आठ वाजेपर्यंत पोराचं काही हलेना. बोट नाही, पापणी नाही. साहेबांनी ओल्या गॉजच्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या, बुबुळं सुकू नयेत म्हणून. त्याआधी मी टॉर्च मारून बघितलं होतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला हलत नव्हत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत तशा बाहुल्या मी ज्यांच्या बघितल्या त्यांच्या अंगावर नंतर चादर ओढली होती. माझा हात बॅगवर चालू होता, पण तोंडून निघून गेलं, "साहेब, गेलाय हा."

त्यांनी मान वर केली. त्यांचा असा चेहरा मी आधी बघितला नव्हता. आवाज मात्र चढला नाही. "हवालदार, तो ऐकतोय. त्याचं अंग बंद पडलंय, तो नाही. या विषात माणूस आतून पूर्ण जागा असतो." मग पोराच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाळ, काका दमलेत म्हणून तसं बोलले. तू त्यांचं मनावर घेऊ नकोस. नाडी छान आहे तुझी."

नाडी खरंच छान होती. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवत होतं. मी ते बघितलं होतं आणि तरी म्हणालो होतो.

त्यानंतर साहेब गप्प असे बसले नाहीत. पोराला प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायचे. आता घशातली थुंकी काढतो, खोकल्यासारखं वाटेल. आता कुशीवर वळवतो. आता आई पायाला हात लावणार आहे. आईला पडवीतून आत आणून बसवलं आणि म्हणाले, "रडायचं तर बाहेर. इथं त्याच्याशी बोला. म्हशीचं सांगा, शाळेचं सांगा, काहीही." त्या माउलीनं डोळे पुसले आणि काळ्या म्हशीचं सांगायला लागली. शेजारच्या खाटेवर ताप आलेली एक कन्नड म्हातारी होती, ती रात्रभर उठून उठून पोराच्या पायाशी यायची आणि म्हणायची, "हेदरबेड मगा, हेदरबेड." भिऊ नको लेकरा. आमच्याकडे भाषेवरून फार झालंय, होत असतं. त्या खोलीत त्या रात्री कुणाला तिचा अर्थ विचारावा लागला नाही.

अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावली होती. बॅग दिसायला मऊ, पण दोन तासांनी अंगठ्याच्या मुळाशी कळ धरते आणि चार तासांनी बोटं आपली राहत नाहीत. बापाला शिकवलं, तोही लागला. नांगर धरणारे हात, सुरुवातीला फार जोरात दाबायचा. साहेबांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवून दहा-बारा श्वास बरोबर घेतले, मग सोडलं. रात्री एकला ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं. माझ्या पोटात गोळा आला, पण पोराची फुप्फुसं निरोगी होती, नुसती हवासुद्धा पुरली. दोनला साहेबांनी मला पडवीत झोपायला पाठवलं. मी नाही म्हटलं. "ऑर्डर आहे," म्हणाले. बाप आधीच भिंतीला टेकून झोपी गेला होता, आईचाही डोळा लागलेला. चारला मी जागा झालो तेव्हा साहेब एकटेच खाटेशी होते, दोन तास त्यांनी पाळी बदललीच नव्हती. बॅग डाव्या हातात घेऊन मांडीवर टेकवून दाबत होते आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून थांबले.

साडेसहाला कुऱ्हाडींचे आवाज आले. पलीकडच्या गावातल्या पोरांनी रात्रीच झाडं तोडायला घेतली होती. पुलावरचं पाणी उतरलं होतं. ट्रॅक्स गाडीच्या मागच्या सीट काढून पोराला आत निजवलं आणि बेळगावपर्यंत बॅग दाबत नेलं. मोठ्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरला जोडलं तेव्हा माझ्या हाताची मूठ उघडेना, नर्सनं एकेक बोट सोडवलं. पाचव्या दिवशी पोरानं पायाचा अंगठा हलवला. अकराव्या दिवशी घरी आला.

यानंतर आम्ही दोघं त्या रात्रीबद्दल कधी बोललो नाही. तेवढं मात्र झालं की पुढे कुठल्याही रुग्णाच्या उशाशी, मग तो बेशुद्ध असो नाहीतर शेवटच्या घटका मोजत असो, मी तोंड सांभाळून बोललो.

दहाव्याला मलप्रभेच्या काठी गेलो. पिंड ठेवले होते, सगळे मागे सरून उभे होते. पोर आलं होतं. पोर म्हणायचं, पंचवीस वर्षांचा बाप्या झालाय, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी चौदा वर्षं पोटात धरलेलं बोललो. "त्या रात्री मी बोललो ते तू ऐकलंस, होय ना रे?"

"होय की काका. सगळंच ऐकलं." राग नव्हता त्याच्या बोलण्यात.

मग मी विचारलं, मी पडवीत झोपलो होतो तेव्हा साहेब काय बोलत होते?

तो जरा वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आधी त्यांच्या आईचं सांगितलं. ती लहानपणी अंधारात त्यांना कशी हाका मारत राहायची ते. मग म्हणाले, बाळ, मला भीती वाटूलालीय, तुलाही वाटत असणार. हे तिघं झोपलेत, त्यांना सांगू नकोस. आपण दोघं मिळून सकाळ करू."

सियाचीनपासूनची माझी वीसेक वर्षं त्यांच्या शेजारी गेली. भीती हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

कावळा अजून आला नव्हता. पाऊस भुरभुरत होता. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा करूया काय कावळा, उशीर व्हायलाय. पोर म्हणालं, नको, थांबूया. आम्ही थांबलो.