चतुर्थीला विचारलं असतं तर?

दुपारी बारापर्यंत डब्याला हात न लावणारा आमचा मित्र आज साडेनऊलाच पोह्यांवर तुटून पडला होता. विचारलं तर मोबाइल पुढे केला. दिवसभराचं खाणं आठ तासांच्या आत उरकून बाकी वेळ उपाशी राहणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका 91 टक्के जास्त!

आकडा खरा आहे. मार्च 2024 मध्ये शिकागोत हृदयविकारावरच्या एका परिषदेत तो मांडला गेला. सुमारे 20,000 अमेरिकन प्रौढांची माहिती, तुलना 12 ते 16 तासांत खाणाऱ्यांशी.

पण ती माहिती मिळवली कशी? कोणत्यातरी दोन दिवसांत काय आणि कधी खाल्लं, ते आठवून सांगायला लावलं. आणि मग पुढची कित्येक वर्षं कोण दगावलं ते पाहिलं.

हे ऐकून कँटीनच्या मावशी कढईत उलथनं तसंच ठेवून म्हणाल्या, “म्हंजे मला नेमकं चतुर्थीला विचारलं असतं, तर मी जन्माची उपाशी ठरले असते की!”

इतका नेमका आक्षेप मी भल्याभल्यांकडून ऐकला नव्हता. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. (मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारा.)

त्या 20,000 जणांत आजारपणाने जेवण तुटलेले, रात्रपाळीवाले किती असतील? फॉरवर्ड करणाऱ्याला हा प्रश्न का पडत नाही?