तुम्ही विचारलंत म्हणून: बॅग रात्री कुठं असते?

लग्नसराई संपत आली की हमखास फोन येतो. "दादा, कॅमेऱ्याचा विमा काढायचाय, कोणता काढू? हप्ता किती बसतो?" विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो. नुकतीच कॅमेऱ्याची दुसरी बॉडी घेतलेली असते आणि पहिलीच्या कर्जाचे हप्ते अजून फिटायचे असतात. मी अमळनेरला फोटो स्टुडिओ चालवतो. पारोळा, चोपडा, शिरपूर एवढ्या पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी करतो. विमा एजंट नाही. पण या विम्यात एकदा पुरता बुडालोय आणि एकदा अर्धा वाचलोय, म्हणून लोक मला विचारतात.

हप्त्याचं मी नंतर बघतो. आधी माझा उलटा प्रश्न असतो: हळदीच्या रात्री बाराच्या पुढे तुझी बॅग कुठं असते?

पोरगं गप्प होतं. मग म्हणतं, "गाडीत. नाहीतर जानोशात."

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझीही जानोशातच, म्हणजे वऱ्हाड उतरतं त्या घरात होती. तापीच्या पलीकडचं गाव. नाचणं साडेअकराला आटोपलं. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. बॅग खोलीतल्या खुर्चीवर ठेवली, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून वरून माझा शर्ट टाकला आणि पंगतीला बसलो. वीस मिनिटं फार तर. परत आलो तर शर्ट खुर्चीवर तसाच पसरलेला, खाली बॅग नाही. नवरदेवाच्या काकांनी अख्खा जानोसा उलटापालटा केला, झोपलेल्या माणसांच्या उशा उचलून पाहिल्या. सकाळी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. नोंद झाली 'गहाळ' म्हणून. मला वाटलं, नोंद झाली ना, बस झालं.

कंपनीचं पत्र आलं ते असं: चोरीला संरक्षण आहे, पण कुलूप तोडून, दार-खिडकी फोडून किंवा जबरदस्तीनं झालेल्या चोरीला. वस्तू कशी गेली हे सांगता येत नसेल तर ती बसत नाही. मी पॉलिसी काढून पाहिली. चौथ्या पानावर तसंच लिहिलेलं होतं. एजंटानं काही लपवलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं. त्यात 'गहाळ' हा शब्द माझ्याच अर्जावर, माझ्याच सहीखाली. चोरीचा संशय असेल तर चोरीच लिहा, एफआयआरचा आग्रह धरा, प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

आपल्याकडे विमा म्हटलं की डोळ्यांसमोर केळी येते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला फळपीक विमा माहीत आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की भरपाई लागू होते, त्यासाठी तुमच्या बागेत येऊन कोणी पानं मोजत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. नुकसान झालं हे तुम्ही सिद्ध करायचं, किती झालं ते सर्व्हेअर, म्हणजे कंपनीनं नुकसान तपासायला पाठवलेला माणूस, ठरवणार, आणि कसं झालं यावर पैसे मिळणार की नाही ते ठरणार.

म्हणून पॉलिसीचं नाव पाहू नका, ती कुठं-कुठं चालते ते पाहा. दुकानाची पॉलिसी, उदाहरणार्थ २०२१ पासून मिळणारी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', वाईट नाही. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे, आग, पूर, वादळ तिच्यात येतं. पण ती स्टुडिओच्या पत्त्याला बांधलेली असते. आपलं सामान त्या पत्त्यावर असतं कधी? सीझनमध्ये स्टुडिओत फक्त प्रिंटर आणि देवाचा फोटो असतो. फिरत्या सामानाला 'ऑल रिस्क' किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांची अशी पॉलिसी लागते जिच्यात 'जागेबाहेर' आणि 'भारतात कुठेही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मिळालं की पुढचं विचारा: बंद गाडीत ठेवलेलं सामान चालतं का? रात्री चालतं का? काच फुटलेली दाखवावी लागते का? हातातून पडलं तर? आणि गाडीच्या विम्यावर विसंबू नका. बोलेरोची काच फोडली तर फार तर काचेचे पैसे मिळतील, डिकीतल्या लेन्सचे नाही. दुसऱ्याकडून भाड्यानं आणलेली लेन्स तर वेगळी लिहून घेतल्याशिवाय कुठंच येत नाही, आणि आपण सगळे एकमेकांच्या लेन्सवरच तर सीझन काढतो.

आता अर्धा कसा वाचलो ते सांगतो. वैशाखातलं लग्न, संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं. मंडपाचा पाइप सुटून ट्रायपॉडवर आला, व्हिडिओ कॅमेरा खाली. दुरुस्ती ८० हजार. या वेळी पॉलिसी वाचलेली होती, वादळ बसत होतं, मी निर्धास्त. सर्व्हेअर भला माणूस. बिल मागितलं, सीरियल नंबर जुळवला, पडल्या जागेचे फोटो पाहिले. मग म्हणाला, "तुमचं एकूण सामान किती लाखांचं?" मी अभिमानानं सांगितलं, चार. पॉलिसी दोन लाखांची होती. हप्ता कमी बसावा म्हणून मीच तेवढी ठेवली होती, आणि मध्ये घेतलेल्या दोन लेन्सा कळवल्याही नव्हत्या. निम्म्या किमतीचा विमा, म्हणून निम्मी भरपाई: ४० हजार, त्यातून दर दाव्यात आपणच सोसायची ठरलेली रक्कम वजा. मला वाटायचं, दोन लाखांची पॉलिसी म्हणजे दोन लाखांपर्यंतचं सगळं मिळणार. तसं नसतं. बाकीचे निम्मे तुम्ही स्वतःकडेच विमा काढला होता असं धरतात.

पूर्ण किंमत लावताना एक अडचण येते, ती सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही: बिल. मुंबईहून कच्च्या पावतीवर आणलेली बॉडी चार पैसे स्वस्त पडते, पण विम्याच्या वेळी ती बॉडी जगात नसतेच. जुनी घेतली असेल तर विकणाऱ्याकडून सीरियल नंबरासकट लिहून घ्या. शिवाय किंमत आजच्या नव्याची धरायची की घसारा कापून, हे पॉलिसीगणिक वेगळं असतं. ते आधी विचारा, नंतर भांडू नका. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी असतो हेही हिशेबात धरा, नाहीतर एजंटानं सांगितलेला आकडा आणि भरायचा आकडा यांचं जमत नाही.

इथपर्यंत सगळं सामानाचं झालं. पोरं यापुढे ऐकत नाहीत. माझी खरी भीती मात्र सामानाची नाही. लेन्स गेली तर एक सीझन मागे जातो. माणसाला लागलं तर?

एका रिसेप्शनला आमचा लाइट स्टँड कलंडला. वायरीत कोणाचा तरी पाय अडकला असावा. सॉफ्टबॉक्स एका आजीबाईंच्या खांद्यावर आला. फार लागलं नाही, चार टाके. चार माणसांत बसून मिटलं, दवाखान्याचं बिल मी दिलं, वर साडी दिली. पण त्या रात्री मला झोप आली नाही. स्टँड वीतभर इकडे पडला असता तर बैठकीत मिटणारं प्रकरण नव्हतं. याला पब्लिक लायबिलिटी म्हणतात: आपल्या कामामुळं तिसऱ्याला इजा झाली किंवा त्याची वस्तू मोडली तर त्याची भरपाई. मोठे हॉल आणि कंपन्यांचे कार्यक्रम आता ती मागू लागलेत. घरच्या लग्नात कोणी मागत नाही. स्टँड मात्र तिथंही पडतो.

कार्ड करप्ट झालं, सप्तपदीच गेली, तर त्याचा विमा वेगळा: प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीनं गिऱ्हाइकाचं झालेलं नुकसान. कार्डाची किंमत फार तर कॅमेऱ्याच्या पॉलिसीत मिळेल, सप्तपदीची नाही. आणि गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाऊ शकतं. दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. ही पॉलिसी घेतली तर मध्ये खंड पाडू नका, कारण साधारणपणे दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी ती चालू असावी लागते. लग्न झालं त्या वर्षी होती एवढं पुरत नाही. मी स्वतः अजून ही घेतलेली नाही. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड होणारी बॉडी घेतली, आणि ऑर्डरीच्या कागदावर 'जबाबदारी घेतलेल्या रकमेपुरती' अशी ओळ टाकली. आयोगापुढे ती ओळ किती टिकेल हा भाग वेगळा.

ड्रोनवाल्यांसाठी थोडक्यात. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा आहे, आणि धंद्यासाठी तो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. वरातीत मेहुण्याच्या हातात रिमोट दिला की विमा असून नसल्यासारखा.

आणि लाइट धरणारा पोरगा. रात्री दोनला मोटारसायकलवर परत जाणारा. त्याच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. मुदत १ जून ते ३१ मे, म्हणजे नेमकी सीझनच्या टोकाला संपते, पुढच्या हप्त्यापुरती खात्यात शिल्लक आहे का ते बघा. स्वतःसाठी अपघात विमा घेताना मी एकच गोष्ट पाहिली: हात मोडून घरी बसलो तर आठवड्याला पैसे मिळतात का. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना कॅमेऱ्याचा विमा काय करायचा?

धरणगावचा एक जण परवा अहिराणीत म्हणाला, "भाऊ, इमाना पैसा खरंच भेटतस का?" मिळतात. नाहीच दिले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. आपल्यासारख्या एकट्याच्या धंद्याचीही तक्रार तिथं चालते, फुकट. पण 'गहाळ' लिहिलेल्या अर्जाचं लोकपालही काय करणार?

आता पंगतीला बसताना मी बॅगेचा पट्टा पायात अडकवून बसतो. वाढपी बट्टी वाढताना अडखळतात, शिव्या देतात. परवा एका वाढप्यानं वरण सांडलं, नेमकं बॅगेवर. मी आधी चेन बघितली, मग ते पॉलिसीत बसतं का हे आठवत बसलो. बसतं.